बटणाचा हुंकार

पैसे भरायच्या पानावर 'पुढे जा' दाबलं आणि पडद्यावर काहीच हललं नाही, तर माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. तरीही सामसूम असेल तर तिसऱ्यांदा, जरा जोरात. काचेला जोर कळत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बोट ऐकत नाही. एकाच ऑर्डरचे दोनदा पैसे जाणं, एकच अर्ज दोनदा नोंदला जाणं, यामागे बऱ्याचदा असं एखादं मुकं बटण असतं. सर्व्हरने पहिल्याच दाबण्याला काम हाती घेतलेलं असतं, फक्त दाबणाऱ्याला ते कुणी कळवलेलं नसतं.

गोष्ट सांगणाऱ्याला समोरून 'हं' असा हुंकार लागतो. तो थांबला की सांगणारा अडखळतो, "ऐकतोयस ना रे?" असं विचारतो. बटणावरचं ॲनिमेशन म्हणजे हा हुंकार. तो वेळेवर यावा, छोटा असावा आणि गोष्टीवर कुरघोडी करू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. वेबसाइटच्या थीममधल्या बटणांना तो कसा द्यायचा, हे या प्रकरणात बघू. त्यासाठी लागणारा कोड दहा-बारा ओळींचा असतो आणि सहज मिळतो. किती द्यायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, याचा अंदाज मात्र तयार मिळत नाही. बहुतेक थीम घसरतात त्या तिथेच.

वेळेवर म्हणजे किती वेळात? याचं उत्तर संगणकाच्या जगात बरंच जुनं आहे. रॉबर्ट मिलर यांनी 1968 साली माणूस आणि यंत्र यांच्या संवादातल्या प्रतिसादाच्या वेळांवर एक निबंध लिहिला. पुढे जेकब नील्सन यांनी 1993च्या आपल्या पुस्तकात तीन सोप्या मर्यादा मांडल्या. एक दशांश सेकंदाच्या आत उत्तर आलं तर ते आपण केल्याबरोबर घडलं असं वाटतं. एक सेकंदापर्यंत उशीर जाणवतो, पण विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंद उलटले की लक्ष उडतं, माणूस दुसऱ्या कामाला लागतो. यातला पहिला आकडा बटणांसाठी कळीचा आहे. काम पूर्ण व्हायला कितीही वेळ लागो, 'ऐकलं' हे शंभर मिलिसेकंदांच्या आत दिसायला हवं. ते सांगायला सर्व्हरची वाट बघावी लागत नाही, ब्राउझर स्वतःच सांगू शकतो.

वेबवर हे जमायला बराच काळ गेला. सुरुवातीच्या पानांवर बटणं म्हणजे चक्क चित्रं असत. 1996मध्ये नेटस्केपच्या तिसऱ्या आवृत्तीत जावास्क्रिप्टला पानावरचं चित्र बदलण्याची सोय मिळाली आणि एकच झुंबड उडाली. एक साधं बटण, एक उजळलेलं बटण, अशी दोन चित्रं करायची आणि माऊसचा बाण वर आला की अदलाबदल करायची. दुसरं चित्र आधी उतरवून ठेवलं नसेल तर डायल-अपच्या जोडणीवर बाण येऊन निघून जायचा आणि बटण मागाहून उजळायचं. 1998च्या सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीत 'होव्हर' ही अवस्था आली, म्हणजे बाण वर असताना बटण कसं दिसावं हे चित्रांशिवाय सांगता येऊ लागलं. तरी इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत त्या ब्राउझरला ती फक्त लिंकवर कळायची. आणि बदल व्हायचा तो झटक्यात: आत्ता निळं, पुढच्या क्षणी लाल. मधलं काही नाही.

मधलं काय असू शकतं हे ॲपलने वेबच्या बाहेर दाखवून दिलं होतं. 2000च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी ॲक्वा हे मॅकचं नवं रूप लोकांसमोर मांडलं. ही बटणं बघून चाटावीशी वाटली पाहिजेत, हा आमचा एक हेतू होता, असं ते म्हणाले होते. खिडकीतलं मुख्य बटण निळसर उजेडात मंद धडधडत राहायचं, एंटर दाबलं तर हेच दाबलं जाईल असं सुचवत. सुंदर होतं, पण सतत होतं, आणि सतत हलणारी वस्तू नजर सोडत नाही. 2014च्या योसेमिटी आवृत्तीत ॲपलने ती धडधड काढून टाकली. तोवर वेबची सोय झाली होती. 2007मध्ये सफारीच्या पोटातल्या वेबकिट इंजिनमध्ये 'ट्रान्झिशन' आलं, 2009मध्ये त्याचा मसुदा वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीकडे गेला, आणि आज बाजारातला कोणताही ब्राउझर ते न कुरकुरता चालवतो. जावास्क्रिप्टची एक ओळही न लिहिता बटणाला 'हळूहळू' म्हणजे काय ते शिकवता येतं.

आता हात घालू. तुमची साइट वर्डप्रेसवर असेल तर मूळ थीमच्या फायलींना धक्का लावू नका, थीमचं पुढचं अपडेट आलं की सगळं पुसलं जाईल. चाइल्ड थीम करा, नाहीतर निदान 'अतिरिक्त सीएसएस'च्या चौकटीत लिहा. आणि बदल केल्यावर पडद्यावर काहीच फरक दिसला नाही तर कोडला शिव्या देण्याआधी कॅश साफ करा. दहातल्या आठ वेळा जुनीच फाइल समोर असते.

ट्रान्झिशनच्या ओळीत चार गोष्टी सांगायच्या असतात: काय बदलायचं, किती वेळात, कोणत्या चालीने आणि किती थांबून. 'पार्श्वभूमीचा रंग, 150 मिलिसेकंद, ईझ-आउट' एवढं बटणाच्या मूळ नियमात लिहिलं आणि होव्हरच्या नियमात फक्त नवा रंग दिला की झालं. थांबण्याची वेळ न लिहिल्यास शून्य धरली जाते, ती तशीच राहू द्या. तयार उदाहरणांत 'काय बदलायचं' या जागी 'ऑल' म्हणजे सगळंच असं लिहिलेलं सापडेल. तो आळस आहे. उद्या कुणी फाँटचा आकार किंवा कडेची जागा बदलली की तीही संथपणे सरकत बसते, आणि हे कुठून आलं म्हणून शोधत बसावं लागतं. हवा तो गुणधर्म नावाने लिहा.

याच ओळीची एक खुबी मात्र फार कमी लोक वापरतात. बटण एका अवस्थेतून दुसरीत जातं तेव्हा ब्राउझर वेळ बघतो ती जिथे जायचं आहे त्या अवस्थेची. म्हणजे मूळ नियमात 300 मिलिसेकंद लिहिले आणि होव्हरच्या नियमात 120, तर बाण आत येताना बटण 120मध्ये उजळतं आणि बाण गेल्यावर 300मध्ये निवांत विझतं. दाबलेल्या अवस्थेला, जिला सीएसएसमध्ये 'ॲक्टिव्ह' म्हणतात, 50 द्या. बोट टेकताच बटण खाली, बोट उचललं की सावकाश वर. माणसाने काही केलं की उत्तर चटकन हवं, तो निघून गेल्यावर घाई कुणाला आहे? येतानाचा आणि जातानाचा वेळ एकच ठेवलेल्या थीममध्ये बटणांच्या रांगेवरून बाण फिरवून बघा. सगळं एकतर मठ्ठ वाटतं किंवा दचकल्यासारखं. हे दोन आकडे वेगळे केले की तीच थीम महागडी वाटायला लागते. माझ्या मते या संपूर्ण विषयात याहून स्वस्तात मिळणारी सुधारणा दुसरी नाही.

हे आकडे प्रत्येक बटणाच्या नियमात वेगवेगळे विखरू नयेत. थीमच्या वरच्या भागात सीएसएसची चलं करून 'झटपट', 'साधा' आणि 'निवांत' असे तीन वेळ एकदाच ठरवायचे आणि सगळीकडे तेच बोलवायचे. मेनूतलं बटण एका तालात आणि फॉर्ममधलं दुसऱ्याच, असं झालं की थीम दोघांनी भांडत भांडत केल्यासारखी दिसते.

चालीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. ट्रान्झिशनला वेळ दिला तरी तो वेळ कसा खर्च करायचा हे उरतंच. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वेगाने गेलं तर त्याला 'लिनियर' म्हणतात, आणि डोळ्यांना ते यांत्रिक वाटतं. खऱ्या जगात कुठलीच वस्तू एकदम पूर्ण वेगाने निघत नाही आणि एकदम ठप्प थांबत नाही. हे डिस्नेच्या चित्रकारांनी संगणकाच्या कितीतरी आधी हेरलं होतं. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981च्या पुस्तकात त्या परंपरेची बारा तत्त्वं लिहून काढली, त्यात हळू निघणं आणि हळू थांबणं हे एक आहे. 1993मध्ये बे-वेई चँग आणि डेव्हिड अंगर यांनी हीच कार्टूनची तत्त्वं पडद्यावरच्या खिडक्यांना आणि मेनूंना लावून दाखवली. दाबल्यावर चपटं होणारं, सुटल्यावर किंचित उसळणारं आजचं बटण त्याच घराण्यातलं.

हे चढउतार लिहायचे तर एक वक्र रेषा लागते, आणि ती आली मोटारींच्या कारखान्यातून. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्टेलजो यांनी 1959च्या सुमारास गाडीच्या पत्र्याचे बाक गणितात पकडण्याची रीत शोधली, पण कंपनीने ती गुलदस्त्यात ठेवली. रेनोमधले पिएर बेझिए यांनी साठच्या दशकात आपलं काम प्रसिद्ध केलं, म्हणून वक्राला नाव पडलं ते बेझिए यांचं. सीएसएसमधला 'क्यूबिक-बेझिए' चार आकडे मागतो. रेषेची सुरुवात आणि शेवट ठरलेले असतात. हे चार आकडे म्हणजे रेषेला मधून ओढणाऱ्या दोन मुठींच्या जागा. 'ईझ' या नावाने जी चाल आपोआप मिळते तिचे आकडे 0.25, 0.1, 0.25 आणि 1. 'ईझ-आउट'चे 0, 0, 0.58 आणि 1, म्हणजे निघताना जोरात आणि पोचताना मंद. बटणांना हीच शोभते, कारण पहिल्याच क्षणी हालचाल डोळ्यांत भरते. 'ईझ-इन' याच्या उलट: सुरुवातीला रेंगाळतं, आणि त्या रेंगाळण्यामुळे वापरणाऱ्याला 'बटण अडकलंय' असं वाटतं. बटणाच्या उत्तरासाठी ते वापरूच नका.

दुसरा किंवा चौथा आकडा एकच्या वर नेता येतो. 0.34, 1.56, 0.64, 1 हे आकडे घालून बघा. बटण ठरल्या जागेच्या थोडं पुढे जातं आणि परत येतं, स्प्रिंग लावल्यासारखं. लहान मुलांच्या कोड्यांच्या साइटवर हे गोड दिसतं. 'खातं कायमचं काढून टाका' या बटणावर मात्र उसळी म्हणजे वेडेपणा. थीम कुणासाठी आहे हे विसरून आवडलेली चाल सगळीकडे लावायचा मोह फार जणांना होतो.

आता एक असा दोष, जो तयार थीममध्येही सर्रास सापडतो. बाण वर आला की बटण चार पिक्सेल वर उचललं जातं, खाली सावली पडते, छान तरंगल्यासारखं दिसतं. बाण मधोमध असेल तर काही अडचण नाही. पण तो बटणाच्या अगदी खालच्या काठावर आणून थांबवा. बटण उचललं जातं, त्यामुळे बाण बटणाच्या बाहेर पडतो. बाहेर पडला म्हणून होव्हर संपतं आणि बटण खाली येतं. खाली आलं की बाण पुन्हा आत, पुन्हा होव्हर, पुन्हा वर. बटण थरथरायला लागतं आणि हात हलेपर्यंत थांबत नाही. करणाऱ्याला हे कधी दिसत नाही, कारण तो स्वतः बटणाच्या मध्यावर बाण नेतो. वापरणारा खालून वर येताना काठावर थबकतो आणि त्याला दिसतं.

उपाय दोन आहेत. बटण जागचं न हलवता त्याच्या आतल्या स्पॅनला हलवायचं, रंग आणि सावलीही त्या आतल्या भागालाच द्यायची. बाहेरचं बटण फक्त अदृश्य, स्थिर जागा म्हणून राहतं. किंवा होव्हरच्या नियमात 'आफ्टर', म्हणजे सीएसएसनेच बटणात घातलेला जास्तीचा भाग, वापरून बटणाच्या खाली चार पिक्सेल उंचीची पारदर्शक पट्टी जोडायची. ती पट्टी बटणाचाच भाग धरली जाते, त्यामुळे बटण वर गेलं तरी बाणाखाली बटणाचंच काहीतरी उरतं आणि होव्हर तुटत नाही. फक्त बटणावर 'ओव्हरफ्लो हिडन' लावलेलं असेल तर पट्टी कापली जाते आणि थरथर परत येते.

दाबण्याच्या अवस्थेतही हीच भानगड लपलेली असते आणि ती जास्त महागात पडते. दाबल्यावर बटण नव्वद टक्के आकाराचं करा अशी सूचना दिली, आणि बटण 120 पिक्सेल रुंद आहे, असं धरू. दाबताच दोन्ही बाजूंनी सहा-सहा पिक्सेल आत जातात. कुणी अगदी काठाजवळ दाबलं तर बोट खाली असताना बटण त्याच्याखालून निसटतं, माऊस सुटतो तो बटणाच्या बाहेर, आणि ब्राउझर ते बटणावरचं क्लिक धरत नाही. बटण दबलेलं दिसलं, काम झालंच नाही. प्रमाण 0.97 ठेवलं तर हे अंतर दोन पिक्सेलच्या आत येतं आणि दबल्याची जाणीव तेवढीच होते. एक-दोन पिक्सेल खाली सरकवणं आणि सावली आखडून घेणं हेही पुरेसं असतं. जाड खालची कड असलेली, की-बोर्डच्या कळीसारखी बटणं असतील तर कड जितकी कमी कराल तितकंच बटण खाली सरकवा, नाहीतर बटण दबण्याऐवजी नुसतं उंचीने कमी झाल्यासारखं दिसतं.

कड कमी करताना आणखी एक गोष्ट बिघडते. कडेची जाडी, रुंदी, उंची, मार्जिन यांपैकी काही बदललं की ब्राउझरला पानाची मांडणी नव्याने मोजावी लागते, कारण शेजारचा मजकूर सरकू शकतो. रंग किंवा सावली बदलली तर मांडणी तशीच राहते, पण तेवढा भाग पुन्हा रंगवावा लागतो. ट्रान्सफॉर्म, म्हणजे सरकवणं, फिरवणं, लहानमोठं करणं, आणि ओपॅसिटी, म्हणजे पारदर्शकता, या दोन गोष्टी मुख्यतः अशा की आधी रंगवून ठेवलेला थर उचलून ग्राफिक्सच्या चिपकडे देता येतो आणि तीच तो हलवते. साठ हर्ट्झच्या पडद्यावर एका चित्राला 16.7 मिलिसेकंद मिळतात. त्यातच पानावरची जावास्क्रिप्ट, जाहिराती, मोजमापाच्या स्क्रिप्ट हे सगळं भागवायचं असतं. तुमच्या लॅपटॉपवर मांडणीचा खर्च जाणवत नाही. आठ हजारांच्या, दोन वर्षं वापरलेल्या फोनवर जाणवतो, आणि आपल्याकडे साइट उघडली जाते ती बहुधा अशाच फोनवर.

सावली वाढवायची हौस असेल तर युक्ती ही: मोठी सावली 'आफ्टर'च्या थरावर आधीच काढून ठेवा, तिची पारदर्शकता शून्य करा, आणि होव्हरला फक्त ती एकवर न्या. डोळ्यांना सावली वाढताना दिसते, ब्राउझरला मात्र तयार थर उजळण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

फोनचा विषय निघालाच आहे. तिथे बाण नाही, म्हणून होव्हरही नाही. पण ब्राउझर जुन्या साइटची सोय म्हणून बोट टेकलं की होव्हर लागल्याचं सोंग करतात, आणि बोट उचलल्यावरही ते सोंग बऱ्याचदा उतरत नाही. परिणाम असा की 'आवडलं' दाबून परत घेतलं तरी बटण गडदच राहतं आणि माणूस पुन्हा दाबतो. होव्हरचे सगळे नियम 'ज्या उपकरणावर खरंच होव्हर करता येतं तिथेच' अशा मीडिया क्वेरीत बंद करून टाका. फोनवर हुंकाराची सगळी भिस्त 'ॲक्टिव्ह'वर असते. बोट टेकल्यावर ब्राउझर स्वतःहून एक राखाडी किंवा निळसर झाक दाखवतो. ती रुचत नाही म्हणून थीमवाले पारदर्शक करून टाकतात आणि तिच्या जागी काहीच ठेवत नाहीत. मुकी बटणं अशीच जन्माला येतात. आधी स्वतःची दाबलेली अवस्था तयार करा, मगच ती झाक काढा.

2014मध्ये गुगलने मटेरियल डिझाइन आणलं आणि बोट टेकल्या जागेपासून पसरणारी लाट घरोघर पोचली. ही लाट फार विचारपूर्वक केलेली आहे: बटण दबलं हे तर ती सांगतेच, पण कुठे दबलं हेही सांगते. तिच्यासाठी मात्र बोटाची जागा कळावी लागते, म्हणजे थोडी जावास्क्रिप्ट आली. नुसत्या सीएसएसने मध्यातून पसरणारी लाट काढता येते. ती बघायला बरी दिसते, पण ज्या गोष्टीसाठी लाट शोधली गेली तीच त्यात नसते. तेवढ्यासाठी खटाटोप करण्यापेक्षा साधं रंग गडद होणं चांगलं.

मराठी साइटसाठी थीम करणाऱ्याने पुढचं जरा लक्ष देऊन वाचावं, कारण बहुतेक तयार इफेक्ट रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. एक लोकप्रिय इफेक्ट असा की होव्हरला अक्षरांमधलं अंतर वाढतं. रोमन अक्षरं सुटी असल्याने ती ऐटीत पसरतात. 'नोंदणी करा' हे शब्द पसरवले की शिरोरेषेचे तुकडे पडतात, प्रत्येक अक्षर आपापली रेघ डोक्यावर घेऊन वेगळं उभं राहतं. वर बटणाची रुंदी वाढते आणि शेजारचं 'रद्द करा' ढकललं जातं, म्हणजे मांडणीचा खर्चही आलाच. हा इफेक्ट देवनागरीत नकोच.

दुसरा इफेक्ट, जुना मजकूर वर सरकून नाहीसा होतो आणि खालून नवा येतो. यासाठी एका ओळीच्या उंचीची खिडकी केलेली असते आणि बाहेरचं सगळं कापलेलं असतं. रोमनच्या हिशेबाने ओळीची उंची फाँटच्या आकाराएवढीच ठेवलेली असली तर 'खरेदी पूर्ण करा'मधला 'र्ण'चा रफार आणि 'पू'चा ऊकार, दोन्हींवर कात्री चालते. खिडकी उंच करा, ओळीची उंची दीडपटीच्या आसपास न्या, आणि तपासताना मुद्दाम 'पूर्ती', 'कृती', 'वृद्धी' असे वर-खाली भरगच्च शब्द घाला. 'पुढे' हा एकच शब्द घालून तपासलं तर वेलांटीचं काय होतं, रफाराचं काय होतं, हे कळणारच नाही.

तिसरा, शब्दाखाली डावीकडून उजवीकडे धावणारी रेघ. ब्राउझरची स्वतःची अधोरेखा उकार आला की तिथे तुटते, त्यामुळे 'सुरू'खाली तिचे तुकडेच जास्त दिसतात. त्यापेक्षा 'आफ्टर'ने दोन पिक्सेलची पट्टी काढून, उकारांच्या खाली पुरेशी जागा सोडून, ट्रान्सफॉर्मने शून्यापासून पूर्ण रुंदीपर्यंत पसरवा. ही देवनागरीला शोभते, कारण वर शिरोरेषा आणि खाली ही रेघ असा शब्द दोन्हीकडून बांधला जातो. माझा कौल नेहमी हिला.

काम सुरू आहे असं सांगणारी अवस्था ही बटणाच्या थीममधली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. 'पाठवा' दाबल्यावर बटणावर 'पाठवत आहोत' आलं की मजकूर लांबतो आणि बटण टुणकन मोठं होतं. दोन्ही मजकूर एकाच जागेत एकावर एक ठेवून फक्त पारदर्शकतेची अदलाबदल केली तर रुंदी आधीपासूनच लांब मजकुराची राहते. फिरणारं चक्र लगेच दाखवू नका. उत्तर अर्ध्या सेकंदात येणार असेल तर चक्राची ती चमक उगाच गोंधळ घालते. आणि या काळात बटण पुन्हा दाबता येऊ नये याची व्यवस्था जावास्क्रिप्टमध्ये आणि सर्व्हरवरही करा. फिकट दिसणारं बटण दाबता येत असेल तर फिकटपणा खोटा ठरतो.

की-बोर्डवर काम करणारे लोक टॅब दाबत बटणावर येतात. ते कुठे आहेत हे बटणाभोवतीची फोकसची कड सांगते. ती डिझाइनमध्ये बसत नाही म्हणून काढून टाकण्याची प्रथा थीमच्या दुनियेत फार जुनी आणि फार वाईट आहे. 'फोकस-व्हिजिबल' वापरलं तर माऊसने दाबणाऱ्याला कड दिसत नाही आणि की-बोर्डवाल्याला दिसते, म्हणजे भांडणच मिटतं. या कडेला ॲनिमेशन देऊ नका. टॅब भराभर दाबणाऱ्याला ती त्या क्षणी हवी असते, विरघळत येणारी कड त्याला मागे ठेवते.

आणि काहींना हालचालच सोसत नाही. 2013च्या सप्टेंबरात आयओएस 7 आलं तेव्हा आत-बाहेर झेपावणाऱ्या पडद्यांनी मळमळतं, गरगरतं अशा तक्रारी आल्या. महिन्याभराने 7.0.3 या आवृत्तीत 'हालचाल कमी करा' हा पर्याय चालू केला की त्या झेपांऐवजी एक पडदा दुसऱ्यात विरघळू लागला. 2017मध्ये सफारीने हीच निवड साइटना वाचता येईल अशी मीडिया क्वेरी आणली, पुढे इतर ब्राउझरांनीही ती घेतली. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत दोष असलेल्या माणसाला मोठी सरकणारी हालचाल खरोखर आजारी पाडते. बटणाची दोन पिक्सेलची उडी त्याला त्रास देईलच असं नाही, पण फोनच्या सेटिंगमध्ये त्याने स्पष्ट सांगून ठेवलेलं असताना आपण ते का वाचू नये? त्या क्वेरीच्या आत सरकणं, उसळणं, फिरणं बंद करा. रंग बदलणं मात्र ठेवा, हुंकार त्यांनाही हवाच असतो. सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काहीही कुणासाठीच ठेवू नका, त्याने काहींना अपस्माराचा झटका येऊ शकतो आणि वेबच्या सुलभतेच्या नियमांतही ते बसत नाही.

थीम लोकांच्या हाती देण्याआधी क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधलं ॲनिमेशनचं पॅनल उघडा आणि वेग दहा टक्क्यांवर आणा. 150 मिलिसेकंदांची हालचाल दीड सेकंद चालेल, आणि काठावरची थरथर, कापलेले रफार, दचकून परतणारे रंग डोळ्यांदेखत दिसतील. मग वेग पूर्ववत करा, कुणाचातरी जुना फोन अर्ध्या तासासाठी मागून घ्या आणि प्रत्येक बटण अंगठ्याने, काठाजवळ दाबून बघा.